हळद पोचली, की ती हळद राहत नाही

पत्राचा सारांश

पत्रलेखिका 47 वर्षांच्या, कोकणातल्या तालुक्याच्या गावी शाळेत शिक्षिका. उंची पाच फूट एक इंच, वजन 78 किलो. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन रोज चालू. गेल्या तपासणीत उपाशीपोटीची साखर 114 आली, जिना चढताना गुडघे कुरकुरतात. डॉक्टरांनी आहार-व्यायामाबरोबर आठवड्याला घ्यायच्या इंजेक्शनाचा विषय काढला, पण बाईंना ‘असली रसायनं’ नकोत. त्यांचा भाचा पुण्यात एम.फार्म. करतो. हळदीतलं कर्क्युमिन अतिसूक्ष्म कणांत भरून लठ्ठ उंदरांना द्यायचं, असं त्याचं काम चालू आहे आणि उंदरांचं वजन उतरतं आहे. त्याच सुमारास थोरल्या जाऊबाईंनी एक डबी आणून दिली: ‘नॅनो हर्बल, चोवीस तास हळूहळू सुटणारं’. आत कर्क्युमिन, मिरीचा अर्क, ग्रीन टीचा अर्क आणि गार्सिनिया. महिन्याचे 2800 रुपये, तीन महिन्यांचे आधीच भरून झाले आहेत. भाचा करतो तेच हे, असं समजून बाईंनी कॅप्सूल सुरू केली. सोळा दिवसांत वजन दीड किलो उतरलं, पण मळमळतं, तोंडाला चव नाही. जाऊबाई म्हणतात, शरीर शुद्ध होतं आहे. यजमानांना आणि डॉक्टरांना यातलं काही सांगितलेलं नाही. बाई विचारतात: कॅप्सूल चालू ठेवू का? इंजेक्शनाऐवजी ही चालेल का? आणि वनस्पतीच आहे, तर अपाय तो काय होणार?

उत्तर

बाई (शिक्षिकेला दुसरं काय म्हणणार!), तुमच्या पत्राचं उत्तर मी शेवटाकडून सुरू करते. कॅप्सूल आजपासून बंद. आणि उद्या, फार तर परवा, डॉक्टरांकडे जाऊन लिव्हर फंक्शन टेस्ट करून घ्या. रक्तदाबाची गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका, ती चालूच राहू दे. दरम्यान लघवी गडद झाली, डोळ्यांत पिवळेपणा दिसला, अंगाला खाज सुटली किंवा उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, तर उद्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा.

घाबरवायला म्हणून हे सांगत नाही. मळमळ पित्तामुळेही असेल, परीक्षेचे पेपर तपासताना झालेल्या जागरणामुळेही असेल. पण नवीन कॅप्सूल, सोळा दिवस, मळमळ आणि तोंडाची चव जाणं, एवढं एकत्र आलं की औषधशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला पहिल्यांदा यकृत आठवतं. ‘शरीर शुद्ध होतंय’ हे वाक्य मी निवृत्तीनंतर फार ऐकते. गंमत अशी की शरीर शुद्ध करण्याचं काम ज्याच्याकडे आहे ते यकृतच अशा वेळी तक्रार करत असण्याची शक्यता असते. आणि तो दीड किलो? चव गेली की जेवण कमी होतं, जेवण कमी झालं की दीड किलो कुणाचंही उतरतं.

आता तुमचा खरा प्रश्न घेऊ, कारण तो तुमच्या एकटीचा नाही. महिन्यातून तीन-चार पत्रं तरी ‘वनस्पतीच आहे, तर अपाय काय’ या वळणाची येतात.

आमटीत आपण पाव चमचा हळद घालतो. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. म्हणजे घरातल्या चार माणसांत मिळून पंधरा-वीस मिलिग्रॅम. त्यातलंही फार थोडं रक्तात उतरतं, कारण कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आतड्याच्या भिंतीतून जे आत शिरतं, त्याला आतडं आणि यकृत लगेच पकडून, त्यावर साखरेसारखा एक रेणू चिकटवून बाहेरची वाट दाखवतात. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधला 1998 चा एक प्रयोग आमच्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. निरोगी माणसांना दोन ग्रॅम, म्हणजे आमटीच्या शंभरपट, कर्क्युमिन दिलं, तरी रक्तात ते सापडेना किंवा अगदी नाममात्र सापडलं. सोबत 20 मिलिग्रॅम पायपरीन, म्हणजे मिरीतला तिखट घटक, दिल्यावर त्याची उपलब्धता 2000 टक्के वाढली. आज बाजारातल्या बहुतेक हळदीच्या कॅप्सुलांवर जो ‘2000 टक्के’ छापलेला असतो तो इथला. जवळजवळ शून्याच्या वीसपट म्हणजे किती, हे तुम्ही शाळेत शिकवताच.

पण मला त्या प्रयोगातून वेगळंच सांगायचं आहे. हळद पिढ्यान् पिढ्या आपल्याला बाधली नाही, त्याचं एक मोठं कारण म्हणजे ती रक्तापर्यंत पोचतच नाही. शरीरानं तिच्यासाठी दारं बंद ठेवली आहेत. ज्या दिवशी कुणी ती दारं उघडण्याची युक्ती काढतं, मिरीनं, चरबीच्या थेंबांत घोळवून किंवा नॅनोकणांत भरून, त्या दिवसापासून ‘हळदच तर आहे’ हा युक्तिवाद करायचा हक्क आपण गमावतो. निर्धोकपणाचा पुरावा आमटीतल्या हळदीचा, आणि विकायची मात्र रक्तात पोचणारी हळद, असं चालत नाही. पोचली की ती औषध झाली. मग औषधाला जे प्रश्न विचारतो तेच तिला विचारायचे: मात्रा किती, किती दिवस, कुणाला नको, दुसऱ्या कुठल्या गोळीशी भांडते.

हे प्रश्न विचारायची वेळ आलेलीही आहे. इटलीत 2019 मध्ये हळदीच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये यकृतदाहाच्या घटना एकापाठोपाठ एक नोंदल्या गेल्या. अमेरिकेतल्या औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या जाळ्यानं 2022 मध्ये असे दहा रुग्ण तपशिलानं मांडले. त्यातल्या बऱ्याच जणांत एक विशिष्ट आनुवंशिक खूण सापडली आणि काहींच्या गोळ्यांत मिरीचा अर्कही होता. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकानं 2023 मध्ये इशारा दिला, त्यातही शोषण वाढवलेल्या गोळ्यांकडे विशेष बोट होतं. तुमच्या कॅप्सुलीतला दुसरा मानकरी ग्रीन टीचा अर्क. त्यातल्या ईजीसीजी या घटकाची गोळ्यांतून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त मात्रा गेली, तर रक्तात यकृताची विकरं (एन्झाइम्स) वाढतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2018 मध्ये सांगितलं. कपातला ग्रीन टी आणि कॅप्सुलीतला ग्रीन टी यांचं नातं ओल्या नारळाचं आणि डालड्याच्या डब्याचं आहे, असं मी वर्गात सांगायची. मुलं हसायची, पण लक्षात ठेवायची.

हे सगळ्यांनाच होतं असं मुळीच नाही. हजारोंना काहीच होत नाही. पण ज्याला मळमळ सुरू झाली आहे त्यानं हजारोंच्या भरवशावर राहू नये.

आणि ती मिरी. पायपरीन कर्क्युमिनसाठी दार उघडतं, ते दारावरच्या पहारेकऱ्याला झोपवून. पहारेकरी कर्क्युमिनपुरताच नेमलेला नाही, इतर अनेक औषधंही तोच मोडतो. तुमचं अम्लोडिपिन ज्या यकृत-विकरामार्फत मोडतं, त्या विकराला पायपरीन अडवू शकतं. पावलांवर सूज, डोकं हलकं होणं, असं काही या सोळा दिवसांत जाणवलं असेल तर डॉक्टरांना आठवणीनं सांगा. मिरीचा हा गुण खोटा नाही, बरं का. आपल्याकडेच तो नीट कामाला लावला गेला. जम्मूच्या सीएसआयआर प्रयोगशाळेच्या संशोधनातून क्षयरोगाची एक गोळी आली, तिच्यात दहा मिलिग्रॅम पायपरीन घातल्यामुळे रिफॅम्पिसिन 450 ऐवजी 200 मिलिग्रॅम पुरतं. पण तिथं मात्रा मोजून, माणसांवर चाचण्या करून, सरकारकडून मंजुरी घेऊन. आयुर्वेदातलं अनुपान, मधातून, तुपातून, दुधातून औषध देणं, हेही मुळात औषध पोचवण्याचंच शास्त्र. फक्त त्यात वैद्य समोर बसलेला असे आणि नाडी हातात असे. डबी कुरियरनं येत नसे.

आता ‘हळूहळू सुटणारं’ या शब्दांकडे येते. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य: ‘एकदम मारा करण्यापेक्षा थेंबथेंब देणं बरं नाही का?’ ठिबक सिंचन पाहिलेल्या माणसाला ते पटणारच. पण ठिबकनं पाणी कुठल्या रोपाला द्यायचं आणि किती, हे आधी माहीत असावं लागतं.

मधुमेह असलेल्या तुमच्या ओळखीच्या कुणाकडे मेटफॉर्मिनची पट्टी असेल, तिच्यावर बहुधा ‘एसआर’ लिहिलेलं असेल. तीही हळूहळू सुटणारी गोळी. तिनं मेटफॉर्मिन जास्त ताकदवान होत नाही, दिवसातून एकदा घेतलं तरी भागतं आणि पोट कमी बिघडतं, एवढंच. गाडी बदलली, माल तोच. संथ सोडण्याचं तंत्र हे वेळापत्रकाचं तंत्र आहे. जो पदार्थ मुळात काम करतो त्याचं काम ते सोयीचं करतं. जो करत नाही, त्याला करायला लावत नाही.

लठ्ठपणा-मधुमेहाच्याच क्षेत्रात याचं फार सुंदर उदाहरण आहे. अमेरिकेच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा असतो. त्याच्या लाळेत सापडलेल्या रेणूपासून एक्झेनाटाइड हे इंजेक्शन बनलं. 2005 मध्ये ते आलं तेव्हा दिवसातून दोनदा टोचावं लागे. पुढे तेच औषध पीएलजीए नावाच्या पॉलिमरच्या सूक्ष्म गोळ्यांत भरलं गेलं (ऑपरेशननंतरचे विरघळणारे टाके असतात ना, त्याच कुळातला पदार्थ), आणि 2012 मध्ये अमेरिकेत आठवड्यातून एकदा टोचायचं रूप मंजूर झालं. पॉलिमर शरीरात हळूहळू झिजतो, औषध सुटत राहतं. तुमचा भाचा बहुधा याच वर्गातल्या एखाद्या पॉलिमरशी खेळत असेल.

मग कर्क्युमिनला हेच का जमू नये? एक्झेनाटाइडची एका वेळची मात्रा पाच ते दहा मायक्रोग्रॅम. आठवड्याचं रूप दोन मिलिग्रॅमचं. इतकी चिमूटभर वस्तू कणांत सहज मावते. कर्क्युमिनच्या चाचण्यांत मात्रा असते अर्धा ग्रॅम, एक ग्रॅम, दोन ग्रॅम. दोन ग्रॅम म्हणजे दहा मायक्रोग्रॅमच्या दोन लाख पट! आणि असल्या नॅनोकणांत वजनाच्या दहा टक्क्यांच्या आतबाहेरच माल भरता येतो, बाकी सगळी गाडी. एक ग्रॅम कर्क्युमिन द्यायचं तर नऊ-दहा ग्रॅम पॉलिमर गिळा. तुमच्या डबीतली कॅप्सूल केवढी आहे? कण चांगले असतील तर कमी मात्रेत काम भागेल, हे खरं, आणि संशोधक त्याच आशेवर आहेत. पण रक्तात किती कर्क्युमिन, किती तास टिकलं म्हणजे माणसाची चरबी हलते, हा आकडाच अजून कुणाच्या हाती नाही. तो हाती नसताना चोवीस तासांचं वेळापत्रक कशाचं बसवलं? शिवाय तोंडानं घेतलेली वस्तू लहान आतड्यातून तीन-चार तासांत पुढे सरकते. त्यानंतर जे सुटतं ते मोठ्या आतड्यात, जिथं शोषण वेगळंच. ‘चोवीस तास’ हे शब्द वेष्टनावर छापायला सोपे आहेत.

कर्क्युमिननं वजन उतरतं का, याच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर सरासरी एखाद्या किलोच्या आसपासचा फरक दिसतो, तोही छोट्या-मोठ्या, कमी-अधिक दर्जाच्या अभ्यासांतून. 2017 मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटानं कर्क्युमिनवरच्या शंभराहून अधिक मानवी चाचण्यांचा धांडोळा घेऊन फार कडू निष्कर्ष काढला: हा रेणू अस्थिर आहे, नीट शोषला जात नाही आणि चाचणीच्या भांड्यात फसवे निकाल देतो. मी त्या गटाइतकी निराश नाही. पण 2800 रुपये भरण्याइतकी आशावादीही नाही.

गार्सिनियाची कथा तर आपल्या अंगणातली. कोकमाची दक्षिणेकडची बहीण मलबारी चिंच, केरळात माशाच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी. तिच्यातलं आणि आपल्या आमसुलातलंही मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक, ते भारतीय शास्त्रज्ञांनीच 1965 मध्ये ओळखलं. साखरेपासून चरबी बनवणाऱ्या एका विकराला ते रोखतं, म्हणून जगभर गोळ्या निघाल्या. मग 1998 मध्ये अमेरिकेत 135 जणांवर बारा आठवडे नीट चाचणी झाली, दिवसाला दीड ग्रॅम आम्ल देऊन. औषध नसलेल्या, नुसत्या बनावट गोळीपेक्षा वजनात काही फरक पडला नाही. कारण साधं आहे: माणसाच्या अंगावरची बरीचशी चरबी साखरेतून नव्यानं बनत नाही, जेवणातल्या तेलातुपाची सरळ येऊन साठते. बंद करायला घेतलेली वाटच मुळात अरुंद होती. तुम्ही सोलकढी जरूर प्या. जेवण चांगलं जिरतं, उन्हाळा सुसह्य होतो. तिच्यावर वजनाचं ओझं कशाला टाकायचं?

भाच्याच्या उंदरांविषयी. त्याचं काम खोटं नाही, निरर्थक तर नाहीच. पुढची औषधं अशाच खोल्यांतून येतात. फक्त त्याला फोन करून तीन गोष्टी विचारा, त्याला आनंदच होईल. उंदरांना आधी लठ्ठ करून मग औषध दिलं, की लठ्ठ करतानाच सोबत दिलं? बऱ्याच प्रयोगांत दुसरं केलेलं असतं. तो झाला प्रतिबंध, उपचार नव्हे. दुसरं, मात्रा किलोमागे किती? उंदराची मात्रा माणसाला सरळ गुणून चालत नाही. छोट्या उंदराच्या मात्रेला बारानं, मोठ्याच्या मात्रेला सहानं भागून सुरुवात करतात, आणि ती फक्त सुरुवात. तिसरं, कण तोंडातून दिले की टोचून? आणि एक लक्षात असू द्या: उंदराजवळ ऊब निर्माण करणारी तपकिरी चरबी आकाराच्या मानानं भरपूर असते, आपल्याकडे चिमूटभर. चरबी ‘तपकिरी करण्याचे’ प्रयोग उंदरात म्हणून फार देखणे दिसतात. द्राक्षाच्या सालीतल्या रेझवेराट्रॉलनं 2006 मध्ये लठ्ठ उंदरांचं आयुष्य वाढवलं आणि जगभर मथळे झाले. 2013 मध्ये डेन्मार्कमध्ये 24 लठ्ठ पुरुषांना तेच दिवसाला दीड ग्रॅम, महिनाभर दिलं. काही घडलं नाही.

मला खात्री आहे, भाचा स्वतः तुम्हाला ही डबी देणार नाही. त्याला एकदा विचाराच. कारण त्याच्या प्रयोगशाळेतल्या कणांचा आणि या डबीचा संबंध ‘नॅनो’ या दोन अक्षरांपुरता आहे. त्याच्या प्रत्येक खेपेला कणांचा आकार मोजला जातो, किती तासांत किती सुटलं याचा आलेख काढला जातो. डबीवर असा आलेख आहे का?

इथं कायदाही तुमच्या बाजूनं आहे, पण तो वाचायला लागतो. 2019 च्या नवीन औषधांविषयीच्या नियमांनुसार मंजूर औषधाचं संथ सुटणारं रूप किंवा नव्या पद्धतीनं पोचवलेलं रूप हे कायम ‘नवीन औषध’च मानलं जातं. माल जुना असला तरी गाडी बदलली की परीक्षा पुन्हा द्या. डबीवाले ही परीक्षा टाळतात, कारण ते ‘औषध’ विकतच नाहीत, अन्नपूरक म्हणून विकतात. चष्मा लावून मागची बाजू वाचा, ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ असं बारीक अक्षरात बहुधा सापडेल. शेजारचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक हा खाद्यपदार्थाचा परवाना, लोणच्याच्या बरणीवर असतो तसलाच. लठ्ठपणा बरा करतो अशी जाहिरात करायला तर 1954 च्या औषधं आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्यानं मनाई आहे. त्या यादीत लठ्ठपणा नावानिशी आहे. म्हणून वेष्टनावर ‘मेटाबॉलिझमला साथ’ लिहितात आणि लठ्ठपणाचं काम जाऊबाई तोंडी करतात. त्यांना हे माहीतही नसेल.

आणखी एक शक्यता, न आवडणारी. ‘हर्बल’ स्लिमिंग गोळ्यांत कधीकधी चोरून खरं औषध मिसळलेलं असतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकानं 2007 ते 2016 या काळात भेसळीच्या 776 पूरकांबद्दल इशारे दिले, त्यांतली 317 वजन कमी करण्याची होती आणि त्यांतल्या बहुतेकांत सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध निघालं. हृदयाला धोका म्हणून हे औषध आपल्याकडेही बंद झालं आहे. तुमच्या डबीत ते आहे असं मी म्हणत नाही. पण ‘हर्बल’ गोळीनं भूक अचानक मरते, छातीत धडधडतं, झोप उडते, तेव्हा गुण वनस्पतीचा असेलच असं नाही. रक्तदाब असलेल्या माणसानं हे विशेष ध्यानात ठेवावं.

आता त्या ‘रसायना’कडे. तुमच्या पत्रात इंजेक्शन म्हणजे रसायन आणि कॅप्सूल म्हणजे निसर्ग अशी वाटणी आहे. मेटफॉर्मिनचा उगम युरोपातल्या गलेगा नावाच्या फुलझाडात आहे, 1957 मध्ये फ्रान्समध्ये ते माणसांना द्यायला लागले. एक्झेनाटाइड सरड्याचं. आणि तुम्हाला सुचवलेलं आठवड्याचं इंजेक्शन आपल्याच आतड्यातून जेवणानंतर सुटणाऱ्या संप्रेरकाची नक्कल आहे. त्यातल्या सेमाग्लुटाइड या औषधात तर गाडीच वापरलेली नाही. रेणूलाच चरबीची एक शेपटी जोडली आहे, ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहते आणि औषध आठवडाभर टिकतं. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी वजन जवळजवळ पंधरा टक्के उतरलं, बनावट इंजेक्शनवाल्यांचं अडीच टक्क्यांहून कमी. तुमच्या हिशेबात पंधरा टक्के म्हणजे अकरा-बारा किलो.

पण मी इंजेक्शनाची वकिली करत नाही. सुरुवातीचे काही महिने मळमळ, बद्धकोष्ठ हे फार जणांना होतं. पित्ताशयातले खडे, क्वचित स्वादुपिंडाचा दाह. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल तर ते नकोच. बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत येतो. खर्च महिन्याला हजारांत आहे आणि किती महिने, याला उत्तर नाही. यातलं काहीही लपवलं जात नाही, हाच त्याचा आणि डबीचा फरक. घ्यायचं की नाही ते तुम्ही आणि डॉक्टर बसून ठरवा. नको म्हणालात तरी माझी हरकत नाही, फक्त ‘रसायन’ हे कारण नको.

तुमचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) साडेबत्तीसच्या आसपास येतो, म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. तरी मला तुमच्या वजनापेक्षा कमरेचा घेर जास्त जाणून घ्यायचा होता, तोच तुम्ही लिहिला नाहीत. बेंबीच्या पातळीला मोजपट्टी धरा. आपल्या बायकांसाठी 80 सेंटीमीटरच्या आत हवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा इंग्लंडमधल्या सहकाऱ्यासोबतचा एक फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय 22.3, पण सहकाऱ्याच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2! आपली चरबी पोटात लपते, काट्याला दिसत नाही. उलटही खरं आहे. आपल्याकडेच झालेल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या अभ्यासात (2006) साखरेच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी चालणं आणि जेवण सुधारलं, त्यांचं वजन फारसं हललंही नाही, तरी तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण 28 टक्क्यांनी घटलं. 114 वाल्या माणसानं हे वाक्य दोनदा वाचावं. काटा हलत नाही म्हणून आपण हरलो, असं तुम्ही पत्रात तीनदा म्हटलं आहे.

रक्त देणारच आहात, तर एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि टीएसएचही (थायरॉइडची तपासणी) करून घ्या, आणि घोरता का ते घरच्यांना विचारून डॉक्टरांना सांगा. पाळीचं काय चाललंय तेही सांगा. या वयात वजन वाढण्यामागे आळस कमी आणि ही मंडळी जास्त असतात. जेवणाचं सगळं इथं सांगत बसत नाही. ताटात भाताची मूद अर्धी करून मासळी किंवा उसळ दुप्पट, आणि जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं, एवढ्यावर सुरुवात होते. गुडघ्यांसाठी सांगते: एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. तुमच्या शाळेला किती पायऱ्या आहेत?

उरल्या जाऊबाई. हा भाग तुम्ही दोनच ओळींत उरकलात, पण मला वाटतं डबी उघडण्यामागं खरं कारण तेच होतं: थोरल्या जावेला नाही कसं म्हणायचं. भांडू नका, व्याख्यान तर मुळीच देऊ नका (माझं हे पत्र त्यांना वाचून दाखवू नका). ‘जाऊबाई, मला मळमळतंय, डॉक्टरांनी सगळं थांबवून रक्त तपासायला सांगितलंय,’ एवढं पुरे, आणि उद्यानंतर ते खरंही असेल. न उघडलेल्या दोन डब्या परत घ्याल का, असं सहज विचारा. नाही घेतल्या तर 5600 रुपये गेले असं धरून चाला, तेवढ्यासाठी यकृत पणाला लावू नका. आणि त्या स्वतःही घेत असतील तर त्यांनाही सोबत न्या. दोघींचं रक्त एकाच दिवशी होईल.

यजमानांपासून लपवलंत ते तुम्ही जाणे. डॉक्टरांपासून नको. ते रागावतील या भीतीनं बरेच रुग्ण अशा गोळ्या सांगत नाहीत, मग कावीळ कशानं झाली ते शोधण्यात आठवडे जातात.

कुणाला खरंच नॅनोकणांतल्या वनस्पती-औषधाचा प्रयोग स्वतःवर करून घ्यायचा असेल, तर त्याची सरळ वाट आहे. माणसांवरच्या चाचण्या देशाच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नोंदवाव्या लागतात, कुणालाही त्या पाहता येतात. तिथं नीतिसमिती असते, संमतिपत्र असतं, तपासण्या होतात, इजा झाली तर भरपाई असते. आणि चाचणीत पैसे तुम्ही भरायचे नसतात. डबीचा ग्राहकही एका अर्थी प्रयोगातला उंदीरच. फक्त हा उंदीर महिन्याला 2800 रुपये मोजतो आणि त्याचं काय झालं ते कुणी वहीत लिहून घेत नाही.

तर तेवढं लिहून घ्यायची सोय आपण करू. उघडलेली डबी फेकू नका. वेष्टन, बॅच क्रमांक, उरलेल्या कॅप्सुला, सगळं पिशवीत घालून उद्या डॉक्टरांकडे न्या. यकृताचा अहवाल बिघडलेला आला, तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा सरकारी टोल-फ्री क्रमांक 1800-180-3024 आहे. डॉक्टरांना विसर पडला तर तुम्ही स्वतः फोन करा. आणि अहवालात काय आलं ते मला कळवा, चांगलं आलं असलं तरी.